पुसलेला डॉक्टर

(दृश्य: कृष्णधवल पडदा, विजेची गुणगुण, मग ते ओळखीचं शीर्षकसंगीत)

23 नोव्हेंबर 1963, शनिवारची संध्याकाळ. अमेरिकेत केनेडींची हत्या होऊन अजून चोवीस ताससुद्धा झालेले नाहीत. ब्रिटनमधल्या घराघरांत सगळे त्याच बातमीत बुडालेले, आणि बीबीसीवर एक नवी मालिका सुरू होते, ‘डॉक्टर हू’. स्वतःला ‘डॉक्टर’ म्हणवणारा एक तिरसट म्हातारा, त्याची नात, आणि काळात कुठेही जाणारी एक निळी पेटी. पहिल्या कथेचा दिग्दर्शक होता लखनौत जन्मलेला वारिस हुसेन. वय पंचविशीच्या आत.

मालिकेने 2023 मध्ये साठी गाठली. पण तिच्या पहिल्या सहा वर्षांतले 253 भाग सलग पाहायचे म्हटले, तर पाहता येत नाहीत. मधले कितीतरी गायब आहेत. आग लागली नाही, पूर आला नाही, चोरीही झाली नाही. बीबीसीनेच ते पुसले.

(दृश्य: दोन इंच रुंदीच्या व्हिडिओटेपचं जडशीळ रीळ)

आज आपल्याला हा करंटेपणा वाटतो, पण तेव्हाचा हिशेब सरळ होता. टेप महाग, आणि पुसून पुन्हा वापरता येणारी. कलाकारांच्या संघटनेशी केलेल्या करारांमुळे जुने भाग वाटेल तेव्हा पुन्हा दाखवता येत नसत. त्यात रंगीत टीव्ही आला. मग कृष्णधवल भाग ठेवायचे कुणासाठी?

टेप पुसण्याआधी मात्र परदेशात विकण्यासाठी 16 मिलिमीटरच्या फिल्मवर प्रती काढल्या जात. मॉनिटरसमोर फिल्मचा कॅमेरा लावायचा आणि पडद्यावर चाललेला भाग टिपायचा, अशी ती पद्धत. विक्रीचे हक्क संपले की या प्रतीही भंगारात. टेप पुसणाऱ्या विभागाला वाटायचं फिल्म आहेत, फिल्म फेकणाऱ्यांना वाटायचं मूळ टेप कुठेतरी असेलच. सरकारी कचेरीत ज्याने एकदा तरी फाइल शोधली आहे, त्याला हे वेगळं समजवायला नको.

1978 मध्ये हे थांबलं. बीबीसीने जुन्या कार्यक्रमांकडे पाहण्यासाठी स्वतंत्र माणूस नेमला, सू माल्डेन. त्यांनी आधी काय काय उरलंय याची मोजदाद सुरू केली. त्याच सुमारास चाहतेही हात धुऊन मागे लागले होते.

आणि मग माल कुठून कुठून निघाला! दोन भाग 1983 मध्ये लंडनमधल्या एका मॉर्मन चर्चच्या तळघरातून. ‘टूम ऑफ द सायबरमेन’ या कथेचे चारही भाग हाँगकाँगहून. एक भाग न्यूझीलंडमधल्या एका संग्राहकाकडून. दूरदेशीचं केंद्र मालिका दाखवून झालं की फिल्म पुढच्या देशाला पाठवायचं, त्यामुळे एकच डबा निम्मं जग फिरून यायचा. कुठे अडकला, तर अडकला.

(दृश्य: स्पूल टेपरेकॉर्डर, फिरणारी चक्रं)

पण हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आपल्याकडे आहे. प्रत्येक! साठच्या दशकात घरी टेपरेकॉर्डर असलेली काही शाळकरी मुलं टीव्हीच्या स्पीकरपुढे मायक्रोफोन धरून बसायची. त्यातल्या एकाने तर टीव्हीचं मागचं झाकण उघडून रेकॉर्डरची तार थेट आत जोडली, म्हणून त्याच्या टेप अजूनही लख्ख ऐकू येतात. ज्या वयात आईवडील विजेच्या वस्तूंना हात लावू देत नाहीत, त्या वयात पोराने हे केलं.

चित्रं मिळाली ती जॉन क्यूरा या छायाचित्रकारामुळे. टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढून ते कलाकार-दिग्दर्शकांना विकणं हा त्यांचा धंदाच होता.

आणि सेन्सॉरमुळे! ‘फ्युरी फ्रॉम द डीप’ या कथेचे सहाही भाग नाहीत. पण त्यातला एक प्रसंग आहे: कोट घातलेले दोन गृहस्थ एका बाईच्या खोलीत शिरतात, तोंडं वासतात आणि विषारी वायू सोडतात. मुलं घाबरतील म्हणून ऑस्ट्रेलियाच्या सेन्सॉरने हा तुकडा कापला, आणि कापलेला जपून ठेवला. 1996 मध्ये तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातून असे बरेच तुकडे बाहेर आले. म्हणजे कात्री लागलेलं तेवढं वाचलं, आणि मुलांना दाखवायला योग्य ठरलेलं सगळं गेलं.

(दृश्य: चाहत्यांचा मेळावा, टेबलावर जुनी मासिकं)

चाहते एकत्र आले की वाद ठरलेला: एकच भाग परत मिळणार असेल, तर कुठला मागाल? कुणी म्हणतं ‘मार्को पोलो’. सातच्या सात भाग गायब, त्यातले सहा वारिस हुसेनचे. कुणाला ‘द टेन्थ प्लॅनेट’चा चौथा भाग हवा. पहिला डॉक्टर, म्हणजे नट विल्यम हार्टनेल, कोसळतो आणि त्याच्या जागी तोच डॉक्टर नव्या रूपात, म्हणजे पॅट्रिक ट्राउटन होऊन उठतो, तो हा भाग. भाग गेला, पण तो क्षण राहिला, कारण 1973 मध्ये ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात तो दाखवला होता.

या वादात मला गंमत वाटते ती वेगळीच. न पाहिलेल्या गोष्टीवर लोक किती ठाम असतात! ‘टूम ऑफ द सायबरमेन’ जोवर बेपत्ता होती, तोवर तिच्यासारखी कथा नाही असं मानलं जाई. सापडली आणि काहींचे चेहरे पडले. ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’चं उलटं. तिचा एकच, तिसरा भाग शिल्लक होता, जरा संथच. त्या शितावरून भाताची परीक्षा झाली आणि कथा कंटाळवाणी ठरली. 2013 मध्ये उरलेले पाच सापडले, ट्राउटनची दुहेरी भूमिका सलग पाहता आली, आणि तीच कथा अनेकांची लाडकी झाली.

ते भाग सापडले नायजेरियातल्या जोस शहरात, एका टीव्ही केंद्रावर. शोधणारे फिलिप मॉरिस. तिथेच ‘द वेब ऑफ फिअर’चेही डबे होते. या दोन कथांचे मिळून नऊ हरवलेले भाग परतले, आणि तेव्हा हिशेबात उरले 97. मॉरिस सांगतात, ‘वेब ऑफ फिअर’चा तिसरा भागही त्यांनी तिथे पाहिला होता. फिल्म इंग्लंडला आणण्याची बोलणी महिनोन् महिने चालली, आणि तेवढ्यात नेमका तो डबा नाहीसा झाला. पुढे वर्षानुवर्षं मालिकेत राहिलेला लष्करी अधिकारी लेथब्रिज-स्टुअर्ट पहिल्यांदा पडद्यावर येतो, तोच हा भाग. कुणा संग्राहकाने विकत घेतला असावा, असा मॉरिस यांचा कयास आहे. तो कुणाच्या कपाटात असेल, आणि परत दिला तर त्याला जाब विचारायचा की हार घालायचा, यावर चाहत्यांचं अजून एकमत नाही.