झाडावरची संत्री उतरवून न्यायला सरकार का आलं?

नमस्कार मंडळी. हा पेरू जरा जवळून बघा. वरून छान पिवळा, पण इथे सुईच्या टोकाएवढा एक ठिपका आहे. हा फळमाशीचा डंख. आता कापते... बघा, गर पिचपिचीत झालाय आणि त्यात पांढऱ्या अळ्या वळवळतायत. आपल्याकडे असा पेरू निघाला की आपण तो टाकतो आणि दुसरा घेतो. पण हीच माशी, बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, कॅलिफोर्नियात सापडली तेव्हा घरोघरची झाडं रिकामी करावी लागली.

गाव रेडलँड्स, लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, संत्र्यांसाठी जुनं नावाजलेलं. घरामागे संत्र्याचं नाहीतर लिंबाचं झाड असणारच. २०२४ च्या जानेवारीअखेर, संत्री ऐन भरात असताना, राज्याच्या कृषी खात्याची माणसं आली आणि २,००० हून जास्त घरांच्या आवारातली फळं उतरवायला लागली. झाड राहिलं, फळ गेलं. आजीने लावलेल्या झाडाखाली उभं राहून हे बघणं किती जड गेलं असेल!

मग नुसत्या फवारणीवर का नाही भागलं? अहो, मादी अंडी घालते सालीखाली. अळी आतच वाढते, तिथे औषध पोचत नाही. मोठी झाली की ती जमिनीत उतरते आणि मातीत कोष करते. नरांना मारता येतं: मिथाइल युजेनॉल या रसायनाच्या वासाने ते खेचले जातात, त्यात स्पिनोसॅड हे कीटकनाशक मिसळून खांबांवर, झाडांवर उंच ठिपके लावतात. कोकणातल्या आंबा बागायतदारांना हे नवं नाही, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा याच वासावर चालतो. पण नराशी आधीच मिलन झालेली मादी त्या वासाला भुलत नाही. तिला अंडी घालायला फळच मिळू द्यायचं नाही, हा खरा उपाय. म्हणून माझ्या मते तो निर्णय कठोर होता, पण बरोबर होता.

क्वारंटाइनच्या, म्हणजे माशी सापडल्यामुळे फळं हलवायला बंदी घातलेल्या हद्दीतला नियम असा: आपल्या झाडाचं फळ आवाराबाहेर न्यायचं नाही. घरीच खा, रस काढा, शिजवा. शेजाऱ्याला पिशवीभर देणंही बंद. खराब फळ दुहेरी पिशवीत बांधून साध्या कचऱ्यात टाकायचं, हिरव्या कचऱ्यात नाही, कारण तो खतासाठी दुसरीकडे जातो आणि अळीही त्याच्याबरोबर जाते. माशीच्या तीन पिढ्यांचा काळ एकही माशी न सापडता गेला, की मग बंदी उठते. थंडीत पिढी सावकाश वाढते, त्यामुळे महिनेच्या महिने जातात. ऑगस्ट २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या या बंद्या उठल्या.

आता आपल्याबद्दल. लासलगाव, वाशीहून अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर विकिरण करतात, म्हणजे किरणांचा ठरावीक मारा देतात; त्यामुळे आत अळी असली तरी तिची पुढची पिढी होत नाही. बॅगेतल्या आंब्यावर असं काहीच झालेलं नसतं. मुलाकडे कॅलिफोर्नियाला निघालेली आई कपड्यांच्या घडीत चार हापूस ठेवायला लागली, तर तिला हा कापलेला पेरू दाखवा.