ब्रदर फादर का होत नाहीत?

नमस्कार श्रोतेहो. कॅथलिक संस्थेच्या शाळेत शिकलेल्यांना ब्रदर ठाऊक असतात. बाहेरच्यांचा मात्र हमखास समज असतो की ब्रदर म्हणजे फादर व्हायच्या वाटेवरचा उमेदवार. सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, शिकणाऱ्यालाही ब्रदर म्हणतात, त्यामुळे घोळ वाढतो. आज बोलायचं आहे ते जन्मभर ब्रदरच राहणाऱ्यांबद्दल. ते मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करत नाहीत, पापनिवेदन ऐकत नाहीत, लग्नं लावत नाहीत. व्रतं घेऊन काही जण एका घरात एकत्र राहतात आणि शिकवतात, नाहीतर रुग्णांची, अनाथांची सेवा करतात.

शिकवणाऱ्या ब्रदरांची घडी बसली ती फ्रान्समधल्या रँस शहरात. १६७९ मध्ये आद्रियाँ नीएल नावाचे गृहस्थ गरीब मुलांसाठी शाळा काढायला तिथे आले. शाळा निघाल्या, पण धड चालेनात. शिक्षकांना पगार तुटपुंजा, तयारी शून्य, आणि नीएल स्वतः कायम पुढच्या शाळेच्या खटपटीत. त्यांना मदत करणारे जाँ-बाप्तिस्त द ला साल हे श्रीमंत घरचे धर्मगुरू. त्यांनी या शिक्षकांना आधी आपल्या घरी जेवायला बोलावलं आणि १६८१ मध्ये राहायलाच आणलं. नातेवाईक भडकले. शिक्षकांतलेही बरेच जण निघून गेले, कारण आता उठणं, प्रार्थना, जेवण सगळं ठरल्या वेळी होऊ लागलं होतं. जे टिकले त्यांनी रोखठोक विचारलं, की शाळा बुडाली तर तुम्हाला तुमचं उत्पन्न आहे, आम्ही म्हातारपणी कुठे जायचं? ला साल कॅथेड्रलचे, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचे, कॅनन हे मानाचे पदाधिकारी होते आणि त्या पदाला घरबसल्या मिळकत होती. १६८३ मध्ये त्यांनी ते पद सोडलं आणि पाठोपाठ आलेल्या दुष्काळात वाडवडिलांचा पैसा पाव वाटण्यात घालवला. तो पैसा शाळांच्या नावे ठेवायला हवा होता, असं कुठल्याही हिशेबी माणसाला वाटेल. पण ला साल स्वतः शिक्षकांसारखेच निराधार झाल्याशिवाय त्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नसतं.

आता फादर न होण्याचा मुद्दा. घरात टिकलेले हे शिक्षक आता ब्रदर म्हणवू लागले होते. त्यांच्यापैकी एकाला धर्मगुरू करावं असं ला साल यांच्याच मनात होतं. आंरी लरो या हुशार ब्रदरला त्यांनी शिकायला बसवलंही होतं, पण १६९० च्या सुमारास तो अचानक वारला. ला साल यांनी तो देवाचा संकेत मानला आणि संस्थेत धर्मगुरू नकोत असं ठरवलं. याला व्यवहाराचीही बाजू आहे. फादरला मिस्सा, अंत्यविधी, प्रवचनं यांची बोलावणी येणार, आणि तो उठून गेला की वर्ग मोकळा. शिवाय एकाच घरात काही फादर आणि काही ब्रदर असले की वरचा-खालचा हा भेद आलाच.

१६९१ मध्ये तर संस्था मोडायला आली होती. तेव्हा ला साल आणि दोघा ब्रदरांनी गुपचूप व्रत घेतलं: आपण तिघेच उरलो, भीक मागावी लागली, नुसत्या पावावर दिवस काढावे लागले, तरी हे काम सोडायचं नाही. १६९४ मध्ये आणखी बारा जणांनी त्यांच्याबरोबर आजीवन व्रत घेतलं. ब्रह्मचर्य आणि दारिद्र्य ही व्रतं मात्र या संस्थेत १७२५ मध्ये पोपची मान्यता आल्यावर जोडली गेली. त्याआधी भर होता एकत्र राहून मोफत शाळा चालवण्यावर.

त्यांच्या वर्गात डोकावण्यासारखं बरंच आहे. त्या काळी मास्तर एकेका मुलाला जवळ बोलावून धडा घेत आणि बाकीची पोरं दंगा करत. ब्रदरांनी सारख्या तयारीच्या मुलांची रांग केली आणि सगळ्यांच्या हातात एकच पुस्तक दिलं. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी मनात. वाचन आधी फ्रेंचमध्ये, लॅटिन नंतर. गरिबाचा मुलगा काही वर्षांतच कामाला लागणार, त्याला लॅटिन पुरं व्हायचं कधी? ब्रदर स्वतः फार कमी बोलत. हातात एक छोटं टकटक करणारं साधन असे. एकदा वाजलं की वाचणारा थांबायचा. लागोपाठ दोनदा वाजलं की चुकलेला शब्द पुन्हा. साठ मुलांना दिवसभर ओरडून शिकवलं तर घसा आठवड्यात बसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

लिहायला बसणाऱ्या नवख्या मुलाला आधी पिसाची लेखणी देत नसत. तिच्या जाडीची एक काडी देत आणि त्या काडीवर तीन खाचा असत, बोटं नेमकी कुठे ठेवायची ते कळावं म्हणून. बोटं घट्ट आवळली की अक्षर बिघडतं, आणि ती खोड नंतर सुटत नाही.

गैरहजेरीचाही त्यांनी बारकाईने विचार केला होता. गल्लीतल्या दोन-तीन मुलांवर काम सोपवलेलं असे: आज कोण आलं नाही, का आलं नाही, घरी जाऊन पाहायचं. न्याहारी शाळेतच होई, कारण नीट जेवायला शिकवायचं असे. ज्यांच्याकडे पाव जास्त असे ते तो टोपलीत टाकत आणि तो गरीब मुलांना मिळे.

ब्रदरांच्या अशा संस्थेचं आपल्याकडचं उदाहरण बोरिवलीत आहे. मंडपेश्वर लेण्यांलगतच्या माउंट पॉइन्सरला १९०१ मध्ये ब्रदर पाउलुस मोरिट्झ या जर्मन ब्रदरांनी फ्रान्सिस्कन मिशनरी ब्रदरांची संस्था सुरू केली.

आज ब्रदर व्हायचं तर आधी काही काळ उमेदवारी, मग किमान बारा महिन्यांची नवदीक्षा, म्हणजे व्रतांआधीचा तयारीचा काळ. त्यात प्रवेश सतरा वर्षं पूर्ण झाल्यावरच. नंतर तात्पुरती व्रतं, निदान तीन वर्षं, मगच आजीवन. पगार स्वतःच्या खिशात जात नाही, संस्थेच्या खात्यात जातो. ज्या ब्रदरांनी मोफत शिकवायचं व्रत घेतलं होतं, त्यांच्या कित्येक शाळांत आज फी भरावी लागते, ही अडचण मात्र लपवण्यासारखी नाही.

१९६६-६७ मध्ये ला साल यांच्या ब्रदरांच्या महासभेत पुन्हा प्रश्न निघाला: आपल्यातल्या काहींनी धर्मगुरू व्हावं का? उत्तर आलं, नको. म्हणून त्यांच्या घरात मिस्सा असेल तर आजही फादर बाहेरून बोलवावे लागतात.