नावात भारत असलेलं जहाज

कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या धक्क्याला एक जुनं शिडाचं जहाज उभं आहे. नाव, 'स्टार ऑफ इंडिया'. आपल्याकडचा माणूस पाटी वाचून थबकतोच. गंमत म्हणजे हे जहाज कलकत्त्याच्या वाऱ्या करायचं, तेव्हा त्याचं नाव होतं 'युटर्पी'.

१४ नोव्हेंबर १८६३. आइल ऑफ मॅन बेटावरच्या रॅम्सी गावात ते पाण्यात उतरलं. लाकडी जहाजांच्या त्या जमान्यात याचं अंग मात्र लोखंडी. कामगिरी, भारतातला ताग आणायची.

सुरुवातच अपशकुनी. पहिल्याच सफरीत वेल्सजवळ एका स्पॅनिश जहाजाशी टक्कर झाली, जहाजाच्या पुढच्या टोकाची काठी मोडली. खलाशांनी पुढे यायला साफ नकार दिला. सतरा जण थेट तुरुंगात!

दुसऱ्या सफरीत, १८६५ साली, मद्रासजवळ चक्रीवादळानं गाठलं. जहाज वाचवायचं तर डोलकाठ्यांचे शेंडे तोडून समुद्रात सोडणं भाग होतं. शिडांवर चालणाऱ्या जहाजानं स्वतःच्या हातानं शिडं तोडायची! कसंबसं बंदर गाठलं. परतीच्या वाटेवर कप्तान विल्यम स्टोरी वारले. त्यांना समुद्रातच मूठमाती... नव्हे, जलसमाधी मिळाली.

१८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला. तो आगबोटींच्या सोयीचा, शिडांच्या नव्हे. दोनच वर्षांत युटर्पी विकलं गेलं आणि न्यूझीलंडला स्थायिक व्हायला निघालेली ब्रिटिश कुटुंबं वाहू लागलं. वारा साथीला असला तर १०० दिवस, नसला तर १४३. पंचवीस वर्षांत एकवीस पृथ्वीप्रदक्षिणा झाल्या.

मग १९०१ साली ते अलास्कात मासळीचा धंदा करणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या एका कंपनीकडे गेलं. वसंतात कोळी, डबे भरणारे कामगार आणि डब्यांचा पत्रा घेऊन उत्तरेला जायचं, शरदात सामन माशांचे डबे घेऊन परतायचं. या कंपनीच्या काही जहाजांची नावं आधीच 'स्टार ऑफ' अशी होती. १९०६ साली भावंडांना जुळेल असं नाव यालाही ठेवलं. तागाच्या फेऱ्या संपून तेव्हा ३५ वर्षं उलटली होती.

१९२३ नंतर जहाज नुसतं पडून राहिलं. डागडुजी सुरू झाली, तीही १९५७ मध्ये.

४ जुलै १९७६. त्रेपन्न वर्षांनी शिडं पुन्हा फुगली. दोर नवे, कापड नवं. पाण्याला भिडलेले पत्रे मात्र रॅम्सीचेच.