चार ओळी, एक आठवडा

(पुण्यात जपानी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे केलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची जपानी भाषेच्या परीक्षेतली एन-टू पातळी झाली आहे, काही सर्वांत वरच्या एन-वनची तयारी करताहेत. पुढे काय करणार असं मघाशी विचारलं, तेव्हा बहुतेकांनी कंपन्यांची नावं घेतली. तीन-चार जण मात्र म्हणाले, जपानला जाऊन साहित्यात नाहीतर इतिहासात एमए करायचंय. मी आज मुख्यतः त्यांच्याशी बोलणार आहे.

मी गेले तेव्हा आधी 'केनक्यूसेई' होते, म्हणजे पदवीला अजून नाव न घातलेली संशोधक विद्यार्थिनी. त्यानंतर दोन वर्षांचं 'शूशी', आपलं एमए. पहिल्याच झेमीत, म्हणजे प्राध्यापक आणि आम्ही आठ-दहा जण एका टेबलाभोवती बसून मजकूर वाचायचो त्या तासाला, माझ्या वाट्याला चार ओळी आल्या. तयारीला एक आठवडा. मी एका संध्याकाळी भाषांतर करून टाकलं. माझी पाळी आली तेव्हा सरांनी शांतपणे विचारलं, या शब्दाचा त्या काळी हाच अर्थ होता हे कशावरून? दुसऱ्या हस्तलिखितात इथे काय आहे? माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठवडा कशासाठी दिला होता, ते मला त्या दिवशी कळलं.

एन-वनचं जपानी आजचं जपानी आहे. झेमीत जे वाचायचं ते बहुधा त्या जपानीत नसतं. इ. स. ७२० मध्ये पूर्ण झालेला 'निहोन शोकी' हा जपानचा राजमान्य इतिहास चिनी भाषेत लिहिलेला आहे. हे चिनी जपानी माणूस जपानी करून वाचतो, त्या पद्धतीला 'कानबुन कुनदोकु' म्हणतात. चिनी अक्षरं जिथल्या तिथे राहतात. शेजारी बारीक खुणा असतात. एक खूण सांगते, खालचं अक्षर आधी वाच, मग हे. दुसऱ्या खुणा आकड्यांच्या, लांबच्या उड्यांसाठी.

एक प्रसिद्ध चिनी वचन घ्या. मूळ क्रम असा: 'नाही शिरणे वाघ-गुहा, नाही मिळणे वाघ-पिल्लू.' जपानी वाचक ते उलटंपालटं करून म्हणतो, 'कोकेत्सु नि इराझुम्बा, कोजि ओ एझु.' आता मराठीत म्हणा: वाघाच्या गुहेत शिरल्याशिवाय वाघाचं पिल्लू मिळत नाही. 'नि'च्या जागी आपला 'त', क्रियापद शेवटी, नकार त्याच्याही मागे. माझ्या वर्गात इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना दोनदा उडी मारावी लागायची, चिनीतून जपानीत आणि मग आपल्या भाषेत. मराठी माणसाची दुसरी उडी वाचते. ही शिदोरी घरूनच मिळालेली आहे, ती वापरा.

तशीच दुसरी शिदोरी म्हणजे वर्णमाला. आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा हा क्रम तुम्ही पाठ केलात. तो कुठून आला? बौद्ध भिक्षू सिद्धम् लिपीतून संस्कृत मंत्र शिकत, त्या अभ्यासातून. मग 'ना' आणि 'मा'च्या मध्ये 'हा' कसा? कारण त्याचा जुना उच्चार 'पा' होता. न, प, म. आपल्याच वर्णमालेतली जागा आहे ती.

पण ज्याने माझी झोप उडवली ते 'कुझुशीजी', जुनं वळणदार हस्ताक्षर. १९०० साली शाळांसाठी एका ध्वनीला एकच 'काना', म्हणजे जपानी ध्वनिलिपीतलं अक्षर, ठरवला गेला. त्याआधी एकाच 'हा'साठी अनेक रूपं चालत. जुन्या धाटणीच्या सोबाच्या, म्हणजे जपानी नूडल्सच्या, दुकानांवर आजही त्यातली दिसतात. पाटीवर 'सोबा' लिहिलेलं असतं, आणि आजची हिरागाना लिपी येणाऱ्यालाही ते लागत नाही. अक्षरं एकमेकांत ओढलेली, शब्दांमध्ये जागा नाही, 'का' की 'गा' हे दाखवणारी टिंबं बहुतेकदा गाळलेली. संदर्भावरून ठरवायचं.

मोडी वाचलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथेही हात न उचलता लिहिणं, शब्द सलग, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. मी सुट्टीत पुण्याला आल्यावर मोडी शिकले आणि परत गेल्यावर कुझुशीजी वाचण्याचा माझा धीर वाढला. अक्षरं वेगळी आहेत, पण डोळ्याला सवय तीच लागते: अडलं तर पुढे जायचं, ओळीच्या शेवटाहून मागे यायचं. आता २०२१ पासून 'मिवो' हे फोनवरचं ॲप फोटोवरून अक्षरं ओळखून देतं. जरूर वापरा. मात्र त्याने दिलेलं अक्षर वाक्यात बसतं का, हे तुम्हालाच पाहावं लागेल.

जपान शिकायचं तर चीन-कोरिया कशाला, असं पालक विचारतात. १६०७ ते १८११ या काळात कोरियाच्या राजाचं शिष्टमंडळ बारा वेळा जपानला आलं. दोन्हीकडच्या विद्वानांना एकमेकांची बोली येत नसे. ते समोरासमोर बसून कागदावर चिनीत लिहून बोलत. याला 'हित्सुदान' म्हणतात. जपान-कोरियाच्या मधल्या त्सुशिमा बेटावरचे विद्वान आमेनोमोरी होशू मात्र कोरियातल्या बुसानला राहून कोरियन बोलायलाही शिकले आणि १७११ व १७१९ च्या शिष्टमंडळांबरोबर गेले. हे कागद केवळ जपानी येणाऱ्याला कसे उलगडणार?

आता थोडं काम करू. १८५५ च्या भूकंपानंतर एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, विकल्या गेलेल्या एका बातमीपत्राच्या प्रती मी आणल्या आहेत. उजवीकडची पहिली ओळ बघा, वरून तिसरं अक्षर. घाई नाही. कुणाला 'हा' दिसतोय?