कंस राहिला

श्रोतेहो, नमस्कार.

"प्रोग्रॅमिंग शिकायचंय, पुस्तक कुठलं घेऊ?" मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, वैकुंठ स्मशानभूमीतून परतताना विचारला गेलाय, आणि एकदा दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घालून विचारलाय. आज दहा-बारा मिनिटं हातात आहेत आणि तोंड मोकळं आहे, तेव्हा उत्तर देतो.

पुस्तकाचं नाव मात्र सांगणार नाही. नाव सांगितलं की लोक ते लिहून घेतात आणि पुस्तक घ्यायचं राहून जातं. पुस्तक बघायचं कसं, तेवढं सांगतो. भाषा कुठली हा वादही आज नको. सध्या शाळेतली मुलंसुद्धा शिकतात ती पायथन धरून चालू. गिडो व्हान रॉसम नावाच्या डच गृहस्थांनी ती तयार केली, १९९१ साली ती लोकांच्या हातात आली. नाव ठेवलं एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून, सापाशी त्याचा काही संबंध नाही. तरी पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर साप काढल्याशिवाय चित्रकारांना चैन पडत नाही.

आता आपण पुण्यात अप्पा बळवंत चौकात उभे आहोत असं समजा. पेशवाईतल्या अप्पा बळवंत मेहेंदळ्यांच्या नावाचा हा चौक. त्याला 'एबीसी' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे, पण ते पुन्हा कधीतरी. दोन्ही बाजूंना पुस्तकं, नवी आणि जुनी, दहावीच्या गाइडांपासून इंजिनिअरिंगपर्यंत. पायथनचं एक पुस्तक तुमच्या हातात आलंय. काय बघाल?

मुखपृष्ठ उलटा. पुस्तकाच्या नावाचं पान येईल, तेही उलटा. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरात प्रकाशक, मुद्रक, हक्क वगैरे असतं. ते पान आपल्यापैकी कोणीही वाचत नाही. ते वाचायचं. त्या पाठच्या पानावर बहुतेक वेळा दोन वर्षं असतात, एक आवृत्तीचं आणि एक पुनर्मुद्रणाचं. पुनर्मुद्रण म्हणजे लोणचं जुनंच, बरणी नवी. मजकूर किती ताजा ते आवृत्तीचं वर्ष सांगतं. पुन्हा सांगतो, पाठचं पान, आणि त्यावर आवृत्तीचं वर्ष. पुनर्मुद्रणाचं नव्हे.

हे मला कोणी शिकवलं? माझ्या आत्याने. आता आत्याची गोष्ट सांगावीच लागेल.

आत्या एका बँकेतून निवृत्त झाली. ३४ वर्षं नोकरी, त्यातली निम्मी हाताने लिहायच्या लेजरवर. संध्याकाळी पाच पैशांचा फरक आला तरी शाखा उठायची नाही, असं ती सांगते. त्या पाच पैशांपायी किती पोळ्या गार झाल्या, तेही सांगते. तर एका गणपतीत तिची आठवीतली नात ठाण्याहून आली. लॅपटॉपवर काहीतरी खटाखट करत होती. आत्याने विचारलं, "काय करतेस गं?" नात मान वर न करता म्हणाली, "पायथन. आजी, तुला नाही कळणार."

आत्या काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हाच घाबरायचं असतं.

गणपती गेले आणि मला फोन. "पायथनचं पुस्तक घ्यायचंय, कसं बघून घेऊ?" मी वर्गात शिरत होतो. घाईत म्हणालो, "२००८ नंतरचं कुठलंही घे." हे वर्ष मी उगाच सांगितलं नव्हतं. २००८ च्या डिसेंबरात पायथन ३ आलं आणि भाषेत बरंच काही बदललं. पायथन २ त्यानंतरही बरीच वर्षं रेंगाळलं, त्याची देखभाल थांबली ती थेट १ जानेवारी २०२० ला. पण घाईत सांगितलेलं वर्ष म्हणजे अर्धी औषधाची चिठ्ठी.

आत्या बसने चौकात गेली. जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यापाशी विक्रेत्याने विचारलं, "मॅडम, कोणासाठी?" "माझ्यासाठी." त्याने एक जाडजूड पुस्तक काढलं. आत्याने पाठचं पान उघडलं, हो, तिने उघडलं, बँकेतली बाई आहे. तिथे वर्ष होतं २००९. १२० रुपये देऊन पुस्तक घरी आलं. त्याला ब्राऊन पेपरचं कव्हर घातलं गेलं. (प्लॅस्टिकच्या कव्हराला घाम येतो आणि पानं वाकतात, पण आमच्या वर्गातली मुलं ऐकत नाहीत.) पहिल्या पानावर नाव आणि तारीख. दसऱ्याला सरस्वतीसमोर ठेवून झेंडूचं फूल वाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचून आत्या लॅपटॉपसमोर बसली.

तीन दिवसांनी रात्री दहाला फोन. "अरे, हा कंस मागतोय."

"कोण कंस मागतोय?"

"लॅपटॉप. मिसिंग पॅरेन्थिसीस इन कॉल टू प्रिंट. मी डिक्शनरीत बघितलं, पॅरेन्थिसीस म्हणजे कंस. आता कंस म्हणजे कृष्णाने मारला तो, नाहीतर कंचेभागुबेवमधला. इथे कुठला?"

मी म्हणालो, "कंचेभागुबेवमधला. तू ओळ कशी लिहिलीस ते वाच."

"प्रिंट, मग मोकळी जागा, मग अवतरणचिन्ह, आत हॅलो, पुन्हा अवतरणचिन्ह."

"कंस कुठाय?"

"पुस्तकात नाहीये."

"अगं, पण लॅपटॉप सांगतोय ना कंस घाल म्हणून?"

"लॅपटॉप सांगेल काहीही. हे छापलंय."

श्रोतेहो, या वाक्यापाशी मी जरा थांबतो. तीन दिवस. एक ओळ. पहिल्या दिवशी तिला वाटलं आपलं स्पेलिंग चुकलं. दुसऱ्या दिवशी तिने दुहेरी अवतरणचिन्हांची एकेरी केली. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला, दोनदा. पडद्यावर चूक स्पष्ट लिहिलेली होती, बाणाच्या टोकाने दाखवलेली होती. पण पडद्याचं ऐकून पुस्तकाला खोटं ठरवायचं, हे आपल्या पिढ्यांच्या अंगात नाही. छापलंय ना, मग आपलंच चुकत असणार.

रविवारी मी गेलो. पाठचं पान उघडलं. वर्ष २००९ होतं, खरंच होतं. त्याच्या आधी बारीक अक्षरात एक शब्द होता: पुनर्मुद्रण. आणि वरच्या ओळीत आवृत्तीचं वर्ष, २००५. म्हणजे पायथन ३ जन्मायच्या आधीचं पुस्तक. प्रिंट म्हणजे पडद्यावर काहीतरी दाखवायचा हुकूम. जुन्या पायथनमध्ये त्याला कंस लागत नव्हता. नव्यात प्रिंट हे फंक्शन झालं, त्याला काय छापायचं ते कंसात द्यावं लागतं. बाकी ओळ तीच. अख्ख्या पुस्तकातून कंस गेलेला. आत्या म्हणाली, "म्हणजे मारलेलाच निघाला."

चूक माझी होती. मी म्हणालो, "नवीन पुस्तक आणून देतो." तिने ऐकलं नाही. "१२० रुपये दिलेत. तू फक्त काय काय बदललं ते सांग."

मी सांगत गेलो, ती पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहीत गेली. आणि मग आत्याने लाल पेन काढलं. बँकेत खोडाखोड चालत नाही. चुकलेल्या नोंदीवर एकच सरळ रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता येतं, वर बरोबर लिहायचं, शेजारी छोटी सही. आत्याने तसंच केलं. प्रत्येक प्रिंटला कंस, प्रत्येक कंसाशेजारी सही. वापरणाऱ्याला काही विचारायचं तर जुन्यात 'रॉ इनपुट' लिहायचे, नव्यात नुसतं 'इनपुट', तेव्हा तिथे 'रॉ'वर रेघ आणि सही. एका पानावर सात भागिले दोन केलं होतं आणि उत्तर छापलं होतं तीन. जुनं पायथन दोन पूर्णांक भागले की अपूर्णांक टाकून द्यायचं. आत्याच्या पडद्यावर साडेतीन आलं. तिने मला फोन केला नाही. समासात लिहिलं, "पुस्तकाचे आठ आणे कमी", आणि सही.

पूर्वी मराठी पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्र असायचं, आठवतंय? पान ४७, ओळ १२, अमुकऐवजी तमुक वाचावे. हल्ली कोणी छापत नाही. चुका संपल्या म्हणून नव्हे. मला ते शुद्धिपत्र फार सभ्य वाटायचं. असो.

प्रत्येक ओळ दुरुस्त करायची म्हणजे आधी ती ओळ काय करते ते कळायला हवं. चालवून बघायला हवं. ती चालली की मग सही. बिनचूक पुस्तक असतं तर आत्याने दुपारी पलंगावर पडून वाचलं असतं आणि चश्मा छातीवर ठेवून झोपली असती. दिवाळीला नात आली, तिने पानं उलटली. "आजी, हे सगळं चुकीचं होतं?" "होतं," आत्या म्हणाली, आणि चकलीचा डबा तिच्यापुढे सरकवला.

जानेवारीत आत्याने भिशीचा प्रोग्रॅम लिहिला. ११ जणी, महिन्याला ५०० रुपये, कोणाचे आले, कोणाचे राहिले, चिठ्ठी कोणाची. पायथन ३ मध्ये एक सोय आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. प्रोग्रॅममध्ये वस्तूंना देवनागरीत नावं देता येतात. तिने 'वर्गणी' हे नाव वर्गणी असंच लिहिलंय. आकडा विचारल्यावर मराठी पाचशे टाकला तरी त्याचं संख्येत रूपांतर नीट होतं. प्रोग्रॅमच्या ओळीतच मराठी आकडा लिहिला तर मात्र अडतो. भिशीतल्या बायकांनी हिशोब मान्य केला, चिठ्ठी नाही. चिठ्ठी अजून स्टीलच्या डब्यातूनच निघते, घरातलं सगळ्यात लहान मूल काढतं.

आता हे ऐकून कोणी मुद्दाम जुनं पुस्तक आणायला जाऊ नका. आत्याने ३४ वर्षं चुका शोधण्याचा पगार घेतलाय. तुम्ही पाठचं पान बघा. आवृत्तीचं वर्ष. आणि त्यावरही विश्वास नसेल तर प्रिंटची पहिली ओळ शोधा. कंस आहे? घ्या. कंस नाही? ठेवून द्या.

वेळ संपत आलाय, बाकीचं भराभर. जाडीवर जाऊ नका. सी भाषेचं तिच्या कर्त्यानेच सहलेखक होऊन लिहिलेलं पुस्तक १९७८ साली आलं, ते तीनशे पानांच्या आत आहे. पायथनचं हजार पानांचं पुस्तक नवशिक्याने घेऊ नये. ते लॅपटॉपखाली उंचीला ठेवायला बरं. पुस्तक एकच घ्या. तीन घेतली की तिन्हींचं पहिलं प्रकरण पाठ होतं. दुकानातच उभ्याने एक पान वाचा. दोनदा वाचूनही कळलं नाही तर ते तुमच्यासाठी नाही, लेखक कितीही थोर असो. भारतीय उपखंडापुरत्या स्वस्त आवृत्त्या चांगल्या असतात, पण मूळची रंगीत उदाहरणं त्यात कधी कधी राखाडी होतात, तेवढं डोळ्यांखालून घाला.

सुरुवात करताना पुस्तक डावीकडे, लॅपटॉप समोर. पायथन फुकट मिळतं, अधिकृत संकेतस्थळावरून घ्या. विंडोजवर त्याच्यासोबत आयडल नावाची खिडकी येते, तिच्यातच लिहा. पत्र लिहायच्या वर्डमध्ये लिहू नका. तो अवतरणचिन्हांना वळणदार करतो आणि पायथनला ती वाचता येत नाहीत. उदाहरणं चिकटवू नका, स्वतःच्या बोटांनी टंका. पायथनमध्ये ओळ चार जागा आत सरकवणं ही शोभा नाही, तिलाही अर्थ असतो, आणि तो बोटांनाच आधी कळतो. चूक आली की लाल ओळ वाचा, शेवटून वाचा. हायलायटर घेऊन बसू नका. पिवळं केलेलं पान वाचून झालं असं वाटतं, आणि तोच घात.

मागच्या पावसाळ्यात आत्या ते पुस्तक पिशवीत घालून पुन्हा चौकात गेली. तिला पुढचं पुस्तक हवं होतं, हे देऊन. तोच विक्रेता. त्याने पानं फर्रकन उलटली, सगळीकडे लाल.

"आजी, लिहिलेलं आहे. तीस रुपये देईन."

"अरे, तू विकलंस तेव्हा ते चुकीचं होतं. आता बरोबर आहे."

"असेल हो. पण गिऱ्हाईक कोरं मागतं."

आत्याने पुस्तक परत पिशवीत घातलं. निघताना गठ्ठ्यात तेच पुस्तक दिसलं, दुसरी प्रत, कोरी. तिने ती ओढून काढली, पाठचं पान उघडलं, २०११, पुनर्मुद्रण. विक्रेत्याच्या कानावरची शिसपेन्सिल मागून घेतली आणि त्याच्या देखत पहिल्या पानावर लिहिलं, "कंस घालून वाचावे."

खाली सही केली.