नावेतला वेळ

(पहाट. पाचूबंदरचा किनारा. होड्यांवरचे दिवे.)

वसईचं पाचूबंदर. पाच वाजून गेलेत. बर्फाच्या लाद्या फुटतायत, इंजिनं घरघरतायत, कुणीतरी कुणाला तरी शिव्या घालतंय. तो आवाज आम्ही बारीक केला आहे. होडीच्या पुढच्या टोकाला क्रूस, त्यावर रविवारची सुकलेली झेंडूची माळ. नाखवा चढताना पाण्यात बोटं बुडवतो आणि कपाळ, छाती, दोन्ही खांदे अशी क्रुसाची खूण करतो. सगळं मिळून दोन सेकंद. हे दृश्य आम्ही तीन पहाटे घेतलं. तिन्ही वेळा दोनच सेकंद.

(संध्याकाळ. आळीतला क्रूस, मेणबत्त्या.)

मे महिना. आळीआळीत क्रुसापाशी रोझरी, म्हणजे माळेचे मणी मोजत म्हणायची प्रार्थना, चालू आहे. माळेत 59 मणी. त्यातले 53 ‘नमो मारिया’चे, 6 ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’चे. अर्धी प्रार्थना एकाने म्हणायची, उरलेली बाकीच्यांनी उचलायची, अशी रीत. इथे पहिला संपायच्या आत बाकीचे सुरू होतात. आम्ही घड्याळ लावलं: साडेअकरा मिनिटं. मुलांची नजर कुठे आहे ते पाहा. चण्यांच्या टोपावर.

यात टिंगल नाही. आम्हीही त्याच टोपाकडे बघत मोठे झालो. पण ज्याच्याशी बोलायला बसलो, तो समोर आहे याची आठवण व्हायला या साडेअकरा मिनिटांत जागा कुठे आहे?

(वसईचा किल्ला. ड्रोन.)

हे ड्रोनचं दृश्य इतकं देखणं आलं की ठेवणं भागच होतं. 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि या तटाच्या आत फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट अशा ख्रिस्ती धर्मसंघांचे मठ-चर्चेस उभे राहिले. कमानींमधून दिसणारा हा चौक फ्रान्सिस्कनांचा. मठातला दिवस घंटेने कापलेला असे. घंटा झाली की हातातलं काम तिथेच सोडायचं आणि प्रार्थनेला जायचं. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला आणि चर्चच्या घंटा घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात एक आहे, भीमाशंकरला एक, वाईजवळ मेणवलीत एक. मेणवलीला जाणं जमलं नाही, म्हणून हा फोटो.

घंटा गेल्या, पण घंटेला थांबायची सवय इथे राहिली. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी देवदूताची घंटा होते. देवदूताने मारियेला निरोप दिला, त्या क्षणाची ही आठवण. तीन लहान वचनं, प्रत्येकामागे एक ‘नमो मारिया’. दोन मिनिटांचं काम. लाल लुगड्यातल्या या आजी सांगतात, त्यांच्या लहानपणी संध्याकाळची घंटा झाली की डोक्यावर भारा असलेली बाईसुद्धा रस्त्यात उभी राहायची. भारा उतरवायची नाही. नुसती उभी राहायची.

आज घंटा होते. स्कूटर थांबत नाही.

(निर्मळजवळचं घर. ओटी. पितळी दिवा, उघडं बायबल.)

या ओटीवर गुरुवारी नऊ जण जमतात. वाचून दाखवतात त्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत, आवाजावरून कळेलच. त्या जे करतात त्याचं लॅटिन नाव लेक्तिओ दिविना, म्हणजे पवित्र वाचन. बाराव्या शतकात कार्थुसियन संघातल्या ग्वीगो नावाच्या मठवाशाने त्याच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. त्याने उपमा घेतली ती जेवणाची. वाचन म्हणजे घास तोंडात घेणं, मनन म्हणजे चावणं, प्रार्थनेत चव उतरते आणि ध्यान म्हणजे ती गोडी. मठांमध्ये मननाला शब्द होता ‘रुमिनातिओ’. मराठीत सरळ रवंथ. गुरं राखलेल्या माणसाला याहून जास्त समजवावं लागत नाही.

आता पाहा कसं चालतं. बाई एकच वचन घेतात, मार्क, अध्याय 6, वचन 31. शिष्य गावोगाव फिरून आलेत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दीत त्यांना जेवायलाही सवड नाही. येशू म्हणतो, एकांतात चला, थोडा विसावा घ्या.

एकदा वाचलं. गप्प. पंख्याचा आवाज येतोय, तो येऊ दे. मग तेच वचन दुसऱ्या आवाजात, चर्चगेटला नोकरी करणाऱ्या या मुलाच्या. तो आधी बातम्यांसारखं वाचतो. बाई हाताने खूण करतात: हळू. तो पुन्हा वाचतो. आता ‘थोडा’ या शब्दावर त्याचा आवाज अडखळतो. प्रत्येकाने अडकलेला एक शब्द धरायचा, तोच मनात फिरवायचा. प्रवचन करायचं नाही, दुसऱ्याचा शब्द दुरुस्त करायचा नाही. मन भरकटणार. बाजारात जाणार, गॅस बंद केला का इथवर जाणार. ओरडायचं नाही, शब्दाशी परत आणायचं. तिसऱ्यांदा वाचन. त्यानंतर जे बोलायचं ते देवाशी, आणि मग तेही थांबवायचं.

पाऊण तास. एक वचन. कॅमेऱ्याची एक बॅटरी संपली.

शेवटी ज्याला वाटलं त्याने आपला शब्द सांगायचा. कोपऱ्यातल्या नाखव्यांनी सांगितला: नाव. त्या वचनात हा शब्द नाही, तो पुढच्यात आहे. बाईंनी पुढचं वाचलं. शिष्य नावेतून एकांत जागी निघाले, लोकांनी पाहिलं आणि किनाऱ्याने धावत त्यांच्या आधी तिथे पोचले. म्हणजे एकांत मिळालाच नाही, नाखवा म्हणाले. विसावा झाला तो नावेतच.

आम्ही घरी जाऊन ते पान पुन्हा वाचलं. बरोबर आहे.

(वलांडीवर बोंबील. बायकांचे हात.)

दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी बांबूवर टाकायची. या बाईंनी एका तासात किती जोड्या टाकल्या, मोजता मोजता आम्ही दमलो. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाईट मठात ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघर सांभाळायचा. भांड्यांच्या खणखणाटात देव जितका जवळ, तितकाच वेदीपुढे गुडघे टेकल्यावर, असं तो सांगे. तो वारल्यावर त्याची पत्रं आणि संभाषणं छापली गेली. या बाईंनी त्याचं नाव ऐकलेलं नाही. त्यांचे ओठ हलतायत ते पाहा. काय म्हणता, असं विचारलं तर त्या हसल्या आणि पुढची जोडी टाकली.

शंका घेणारेही आहेत. हे ध्यान आपलं नव्हे, असं म्हणणारे. मुंबईत जन्मलेले जेझुइट अँथनी डिमेलो यांनी ‘साधना’त पूर्वेकडच्या ध्यानपद्धती ख्रिस्ती प्रार्थनेत आणल्या, आणि त्यांच्या लेखनाबद्दल 1998 मध्ये रोमहून इशारा आला हे खरं. पण ग्वीगो काही आश्रमात शिकला नव्हता. ओटीवरच्या नऊ जणांपैकी चित्रीकरण संपेपर्यंत सहा उरले.

(समुद्र. इंजिन बंद.)

पाचूबंदरचे नाखवा डोळ जाळ्याने मासे धरतात. जाळं खुंटाला बांधलेलं, तोंड ओढीकडे. माशामागे धावायचं नसतं, भरती-ओहोटीचं पाणीच मासा आणतं. ओढ संपून पाणी उभं राहीपर्यंत हातांना काम नाही. एरवी पोरं मोबाइल बघतात. ओटीवरचे नाखवा खिशातून माळ काढतात. एक मणी धरतात. पुढच्या मण्यावर बोट जायला किती वेळ लागतो, ते आम्ही न कापता ठेवलं आहे.

पाणी उभं राहिलं. माळ खिशात, हात दोरीला. जाळं वर येतंय. बोंबील, जवळा, दुधाच्या रिकाम्या पिशव्या. पिशव्या आधी वेगळ्या काढायच्या.