फिल्मच्या कडेची छिद्रं

नमस्कार श्रोतेहो. परवा माळा आवरताना एका डब्यात फिल्मचा वीतभर तुकडा सापडला. नातवानं तो खिडकीशी नेऊन उजेडात धरला आणि विचारलं, "आबा, हे कडेला उंदरानं कुरतडलंय का?"

मी नाशकात एका थिएटरच्या केबिनमध्ये ऑपरेटर होतो. ही उंदरानं कुरतडलेली कड म्हणजेच माझी भाकरी. 35 मिलिमीटरच्या फिल्मवर प्रत्येक चित्राच्या दोन्ही बाजूंना चार-चार छिद्रं असतात. प्रोजेक्टरच्या चाकाचे दात त्यांत अडकतात, एक चित्र खाली ओढतात, क्षणभर थांबवतात, मग दुसरं. ओढताना शटर उजेड अडवतं. बोलपटात हे सेकंदाला 24 वेळा चालतं. फिल्म न थांबता सरकत राहिली, तर पडद्यावर नुसता रंगांचा चिखल दिसेल.

छिद्रं फाटली की चित्र उड्या मारायचं आणि खालून शिट्ट्या सुरू. फिल्म तुटली तर मग विचारूच नका. मशीन बंद, कात्री, फिल्म चिकटवायचं सिमेंट, जोड! एकदा घाईत मी जरा जास्तच फिल्म कापली. हिरोचा टेबलावरचा हात एकदम व्हिलनच्या गालावर. पब्लिकनं टाळ्या वाजवल्या, मालकांनी माझा पगार कापला.

पण ही छिद्रं पाडायचं कोण? आम्हाला ती आयती मिळाली. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना मात्र कच्ची फिल्म कोऱ्या कडांची मिळायची. 1912 साली ते लंडनला गेले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला आणि छिद्रं पाडायचं यंत्रही घेतलं. ते चालवायला शिकल्या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, आणि वर हे काम. तेही अंधाऱ्या खोलीत, कारण उजेडाची तिरीप आली तरी फिल्म वाया.

ऑपरेटरची खोड, मी हिशेब मांडला. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागलेला 'राजा हरिश्चंद्र' 3700 फुटांचा. एका फुटात 16 चित्रं, चित्रामागे आठ छिद्रं. म्हणजे 4,73,600. ही झाली पडद्यावर दिसणाऱ्या फिल्मची, निगेटिव्हची वेगळीच. यंत्र एका दाबाला किती पाडायचं ते सोडा, एवढी फिल्म अंधारात हातांनी पुढे सरकवायची म्हणजे चेष्टा नाही. दागिने गहाण पडले, हे सगळे सांगतात. ही छिद्रं कुणी मोजत नाही. पुढे फाळके बिऱ्हाड नाशकात घेऊन आले, 'मोहिनी भस्मासुर' इथेच झाला. पांडवलेण्याच्या पायथ्याला त्यांचं स्मारक आहे. तिथे गेलो की मला आधी ती अंधारी खोलीच आठवते.

आता सिनेमा हार्डडिस्कवर येतो. छिद्रं गेली, दातेरी चाक गेलं, शिट्ट्याही गेल्या. सेकंदाला 24 चित्रं हा हिशेब मात्र अजून तोच.

नातवानं बोट ठेवून तुकड्यातली चित्रं मोजली. बारा. म्हणजे अर्धा सेकंद. "एवढ्यात काय दिसतं, आबा?"

एक बाई मान वळवायला लागली आहे, एवढंच. वळलेली मान पुढच्या तुकड्यात होती, तो माझ्याकडे नाही.